चढवलेल्या पुस्तकांचे पुढे काय होते?

१ मार्च २०२४ रोजी एकशे सत्तावन्न वर्षांचा एक कायदा रद्द झाला आणि मराठी ग्रंथव्यवहारात त्याची साधी कुजबुजही झाली नाही. छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा १८६७चा कायदा गेला, त्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा आला. वृत्तपत्रे, साप्ताहिके, मासिके यांची सोय त्यात आहे. पुस्तक वगळले आहे.

जुना कायदा काही ग्रंथप्रेमातून जन्मलेला नव्हता. १८५७च्या उठावाला दहा वर्षे झाली होती आणि देशी भाषांत काय छापले जाते यावर सरकारला डोळा ठेवायचा होता. म्हणून छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करायच्या आणि दर तिमाहीला त्यांची यादी गॅझेटात प्रसिद्ध करायची, असा दंडक घातला गेला. पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, विषय, छापखाना, पाने, आकार, कितवी आवृत्ती, किती प्रती, टाइपात की शिळाछापावर, किंमत काय, असा सगळा तपशील त्या यादीत असे. पाळत ठेवण्यासाठी लिहिलेल्या त्या याद्या आज एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांचा माग काढणाऱ्याला सोन्याच्या मोलाच्या वाटतात. इतिहासाला असे विनोद सुचत असतात.

पुस्तके जमा करून घेण्याचे काम आता १९५४च्या कायद्यावर उरले आहे. पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने प्रती पाठवायच्या. त्या जातात कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, चेन्नईच्या कोन्नेमारा ग्रंथालयात, दिल्ली पब्लिक लायब्ररीत आणि मुंबईत टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयात. न पाठवणाऱ्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि वर पुस्तकाची किंमत. हा कायदा पुस्तक कशाला म्हणतो ते वाचण्यासारखे आहे. खंड, खंडाचा भाग, पुस्तिका, संगीताचा सुटा कागद, नकाशा, आराखडा. छापलेला किंवा शिळाछापावर काढलेला. शिळाछाप या कायद्याला ठाऊक आहे, ई-पुस्तक ठाऊक नाही.

तेव्हा पुण्यात किंवा पणजीत आज कोणी मराठी कादंबरी फक्त ई-पुस्तक म्हणून काढली, तर तिची एक प्रत कुठेतरी राखून ठेवली जावी, असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनने ही सोय २०१३ सालीच केली. आपण मात्र जुनी पुस्तके स्कॅन करून संगणकावर चढवण्यात गुंग आहोत आणि चढवली म्हणजे वाचली, अशा भाबड्या समजुतीत आहोत. ‘वाचली’ दोन्ही अर्थांनी.

पुस्तकांची निवड आणि निगा ही कामे आपल्याकडे छापखाना येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहेत. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. पुढची जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरवली जात राहिली आणि उतरवणाऱ्यांनी कळत-नकळत तिच्यात आपले काहीतरी मिसळले. कुणाचा हात चुकला, कुणाला जुना शब्द उमगला नाही म्हणून त्याने ओळखीचा घातला, कुणी भक्तीच्या भरात आख्खी ओवीच रचून घुसवली. शके १५०६मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांना बजावले की यात आपली भर घालू नका. नाथांच्या काळी ज्ञानेश्वरीच्या प्रतींची वानवा नव्हती. त्यांतली कोणती खरी धरायची हे बसून ठरवणारा माणूस हवा होता, आणि तो तीनशे वर्षांनी मिळाला.

छापील पुस्तकांच्या काळात असा दुसरा माणूस निघाला, शंकर गणेश दाते. ‘मराठी ग्रंथसूची’ हे त्यांचे काम. १८०० ते १९३७ या काळातली मराठी पुस्तके पहिल्या भागात, १९३८ ते १९५० या काळातली दुसऱ्यात. या गृहस्थाने ग्रंथालये पालथी घातली आणि पुस्तकामागून पुस्तक नोंदवले. सूचीला वाचक मिळत नाही, पुरस्कार तर नाहीच नाही. पण मराठीत काय लिहिले गेले याबद्दल गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत ज्यांनी काही ठामपणे म्हटले, त्यांतले बरेचजण दात्यांच्या खांद्यावर उभे राहून बोलत होते. दाते कादंबरीकार असते तर त्यांच्या नावाने आज एखादा चौक असता.

कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात पुस्तक आले की आधी दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो. मग वर्गांक, मग आतल्या पानावर गोल शिक्का, मग कपाट, आणि मग ते देवघेवीच्या खिडकीवर येते. वर्षअखेरीला साठा पडताळणी होते. फाटलेली बांधणीला जातात, अगदी गेलेली रीतसर ठराव करून बाद होतात. ही सगळी शिस्त कागदाच्या पुस्तकांसाठी रुजायला शंभर वर्षे लागली. डिजिटल ग्रंथालय आले तेव्हा आपण ती उलटी केली. आधी ढीग केला, आणि नोंदवही पुढे कधीतरी बघू म्हणून ठेवली.

खरे तर ई-पुस्तकांची सुरुवात ढिगाने झाली नव्हती. ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वतःच्या हाताने टंकून ठेवला. त्या यंत्राला लहान लिपीची अक्षरेसुद्धा येत नव्हती, सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत. तिथून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ सुरू झाले. एकेक पुस्तक निवडायचे, टंकायचे, तपासायचे. शंभर पुस्तके व्हायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. पुढे २०००पासून स्वयंसेवकांची फळी उभी राहिली आणि एकेक पान दोन-तीन जणांच्या नजरेखालून जाऊ लागले. हार्टने एक हट्ट धरला होता: मजकूर अगदी साध्या अक्षरांत ठेवायचा, कुठल्याही कंपनीच्या खास साच्यात नाही. त्या हट्टाची तेव्हा टिंगल झाली. १९७१चा तो मजकूर आज कुठल्याही फोनवर उघडतो.

आपल्याकडे सुरुवात झाली ती आकड्याने. या शतकाच्या आरंभी कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या पुढाकाराने दहा लाख पुस्तके स्कॅन करण्याचा प्रकल्प उभा राहिला. त्याचा भारतातला अवतार म्हणजे ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’. कल्पना मोठी होती, आणि ती नावे ठेवण्यासारखी नव्हती. खेड्यातल्या पोराला राजवाडे-केतकर घरबसल्या मिळावेत यात वाईट काय? पण दहा लाखांचे उद्दिष्ट समोर असले की स्कॅनरवर बसलेला माणूस पाने मोजतो. पुस्तक कोणते, आवृत्ती कितवी, पाने पुरी आहेत का, हक्क कुणाचे, हे विचारायला त्याला ना वेळ असतो ना अधिकार.

त्या साठ्यात ज्यांनी मराठी पुस्तक शोधले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. मराठी पुस्तक हिंदीच्या खात्यात, कारण लिपी तीच. लेखकाच्या जागी प्रकाशक, नावाच्या जागी मालेचे नाव. एकच ग्रंथ तीनदा, आणि तिन्ही वेळा मधली काही पाने गायब. नावे रोमन लिपीत लिहिलेली, तीही ज्याला जशी सुचली तशी. आपला एकटा ‘ज्ञ’च घ्या. मराठी माणूस तो ‘डीएनवाय’ने लिहितो, हिंदीवाला ‘जीवाय’ने, संस्कृतचा पंडित ‘जेएन’ने. ज्ञानेश्वरी शोधायला निघालेल्याने तीन दारे ठोठावायची आणि चौथ्या दाराआड ती सापडायची.

पुढे हक्कांच्या प्रश्नावरून ते संकेतस्थळ २०१७च्या सुमारास बंद पडले. सरकारी पैशाने, इतक्या वर्षांच्या श्रमाने उभा केलेला साठा वाचकासमोरून नाहीसा झाला. तो आज बराचसा शाबूत आहे याचे श्रेय अमेरिकेतल्या कार्ल मालमूड यांना. त्यांनी चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर चढवून ठेवल्या होत्या. चुकीच्या नावांसकट, गहाळ पानांसकट, पण ठेवल्या.

हक्कांचा मुद्दा समजून घ्यायला हवा, कारण त्याबद्दल गैरसमजच फार. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. आधी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचे हक्क १९९१अखेर संपत आले तेव्हा ती दहा वर्षांनी वाढली. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११पासून सर्वांची झाली. इथपर्यंत हिशेब सोपा. पण अनुवादकाचा हक्क वेगळा, प्रस्तावनाकाराचा वेगळा, चित्रकाराचा वेगळा. म्हणून निवड करणाऱ्याला मृत्यूचे साल शोधावे लागते, आणि विस्मृतीत गेलेल्या लेखकाचे मृत्यूचे साल शोधणे हे कधीकधी पुस्तक शोधण्याहून कठीण. २०१२च्या दुरुस्तीने ग्रंथालयांना एक सवलत दिली आहे: कागदी प्रत स्वतःजवळ असेल तर नफ्यासाठी न चालणारे सार्वजनिक ग्रंथालय जतनासाठी तिची डिजिटल प्रत करून ठेवू शकते. म्हणजे ठेवा म्हणून परवानगी आहे, जगाला वाटा म्हणून नाही. आमच्या पाहण्यात या सवलतीची माहिती असलेले ग्रंथपाल एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता निवडीचा मुद्दा. निवड म्हटले की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जागेचा प्रश्न संपला, सगळेच घ्या. दुसरा म्हणतो, वाचक मागतो ते घ्या. दुसऱ्याचे उत्तर देणे सोपे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२मध्ये निघाली. तिच्यावर टीका झाली, मग ती विसरली गेली आणि स. गं. मालशे यांनी १९७५मध्ये पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत ती जवळजवळ नव्हतीच. मधल्या नव्वद वर्षांत ती कुणी मागितली नाही. ‘गेल्या तीन वर्षांत एकदाही वाचनास गेले नाही’ या कसोटीवर ती प्रत्येक ग्रंथालयाने बाद केली असती. कुठेतरी एक प्रत टिकली म्हणून मराठी स्त्रीविचाराचा इतिहास आज वेगळा लिहावा लागतो. जोतिरावांच्या शाळेतल्या मुक्ताबाईचा १८५५चा निबंधही ‘ज्ञानोदय’चे अंक कुणीतरी जपले म्हणून आपल्यापर्यंत आला.

पहिल्या पक्षाचे म्हणणे निम्मे खरे आहे. राखून ठेवायचे ते सगळे ठेवा, त्यात आवडनिवड नको. पण राखणे आणि वाचकापुढे मांडणे ही दोन वेगळी कपाटे आहेत. डिजिटल ग्रंथालयात जागा अपुरी पडत नाही, वाचकाचे लक्ष अपुरे पडते. ‘श्यामची आई’ शोधणाऱ्याला तिच्या पंधरा फायली दिसल्या, त्यांतल्या एकीवरही आवृत्ती लिहिलेली नसली, मुद्रितशोधन कुणी केले याचा पत्ता नसला, तर त्याला पुस्तक मिळाले असे म्हणता येत नाही. त्या पंधरांतली एक नीट तपासून पुढे ठेवायची आणि उरलेल्या चौदा मागच्या कपाटात, पुसायच्या नाहीत. नाथांनी केले त्याच जातीचे हे काम.

आणि निवडीत प्राधान्य कशाला? आमचे मत स्पष्ट आहे. गडकरी, हरिभाऊ, केशवसुत यांची चिंता सोडा, ते जगले आहेत आणि जगतील. ज्याच्या दोन-तीनच प्रती उरल्या ते आधी घ्या. सत्यशोधकांची चोपडी, जलशांची पदे, जातिपरिषदांचे अहवाल, गावोगावच्या छापखान्यांतली चार आण्यांची पुस्तके, बायकांची मासिके, बडोदा-इंदूर-ग्वाल्हेर इथे निघालेली मराठी. हे सगळे वाईट कागदावर छापलेले आहे आणि तो कागद आता हात लावला की तुटतो. पहिली पाच वर्षे डिजिटलीकरणाचा प्रत्येक रुपया इथेच खर्च व्हावा. दुर्दैवाने उद्घाटनाच्या फलकावर शोभतात ती मोठी नावे, म्हणून तीच पुन्हा पुन्हा स्कॅन होतात.

निगेची कथा याहून करुण आहे, आणि थोडी हास्यास्पदही. १८९०चे पुस्तक स्कॅन केले तर ते निदान डोळ्यांना वाचता येते. १९९८चे मराठी पुस्तक मात्र संगणकावरच जुळवलेले असूनही संगणकाला वाचता येत नाही. तेव्हा मराठीसाठी ज्याचा-त्याचा फॉन्ट होता. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी घराणी होती आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. ‘क’ दिसावा म्हणून आत कुठले तरी रोमन अक्षर दडवलेले असे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की पडद्यावर स्वल्पविराम, डॉलर आणि कंसांचा चिवडा. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१मध्येच मिळाली होती, पण आपल्या छपाईच्या धंद्यात ते रुजायला वीस वर्षे लागली. मधल्या काळातली शेकडो पुस्तके पेजमेकरच्या फायलींत, सीडींवर, बंद पडलेल्या संगणकांत अडकली आहेत. अक्षरजुळणी करणारे निवृत्त झाले, काही प्रकाशन संस्था मिटल्या.

युनिकोड आले तरी सगळे सुरळीत झाले असे नाही. ‘दऱ्या’मधला र घ्या. तो अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन्ही वेगळे. एका रीतीने टंकलेले दुसऱ्या रीतीने शोधले की सापडत नाही. त्यातून आपले शुद्धलेखन. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘पुढें’ असेच छापलेले आहे. आजचा विद्यार्थी ‘काही’ शोधतो आणि दीडशे वर्षांचे मराठी गद्य त्याला सांगते की असा शब्द आमच्याकडे नाही. म्हणून जुने अनुस्वार काढून टाकावेत, असे सुचवणारे भेटतात. त्यांना ग्रंथालयाच्या आत येऊ देऊ नये. छापले तसेच ठेवायचे आणि शोधणाऱ्या यंत्राला ‘काही’ आणि ‘कांहीं’ एकच हे शिकवायचे. हे जमते, त्यासाठी मराठी जाणणारा माणूस यंत्राशेजारी बसवावा लागतो, एवढेच.

अक्षरओळख करणारी यंत्रणा आता बरीच सुधारली आहे हे खरे. पण जुन्या मुंबई टाइपातले ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ तिला अजूनही गोंधळात टाकतात, आणि शाई फुटलेली असली तर विचारूच नका. मराठी ‘विकिस्रोत’वर मूठभर मंडळी यंत्राने दिलेला मजकूर स्कॅनशी ताडून पाहतात. एकाने तपासलेले पान पिवळे होते, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. हे विनामोबदला, रात्री जागून. शासनाच्या बाजूला चांगली उदाहरणे आहेत. मराठी विश्वकोशाचे वीस खंड ऑनलाइन आहेत, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने केतकरांचा ज्ञानकोश वाचकांना खुला केला. मोल्सवर्थचा १८५७चा कोश तर शिकागो विद्यापीठाने सांभाळला आहे, आणि आपण सगळे मुकाट्याने तोच वापरतो.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या ग्रंथालयात गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण जे पाहिले ते त्यांच्या एकट्याचे नाही. शंभर वर्षांपलीकडची पुस्तके त्यांनी वर्गणी काढून स्कॅन करून घेतली होती. कुठे आहेत म्हणून विचारले, तर कार्यवाहांनी लोखंडी कपाटातून एक हार्ड डिस्क काढली. डांबरगोळ्यांचा वास येत होता तिला. जोडायची वायर हरवलेली. दुसरी प्रत? ज्या मुलाने स्कॅन केले त्याच्याकडे होती, तो आता बंगळूरला असतो. मूळ पुस्तके? स्कॅन झाली म्हणून माळ्यावर टाकली, तिथे पावसाळ्यात पाणी शिरले. गृहस्थ प्रामाणिक होते, पुस्तकांवर जीव होता त्यांचा. कसर आणि वाळवीशी झुंजायला त्यांना वडिलांनी शिकवले होते. हार्ड डिस्कचे कुणी शिकवले नव्हते.

डिजिटल प्रतीलाही साठा पडताळणी लागते. प्रत्येक फाइलचा आकड्यांतला ठसा काढून ठेवता येतो, दरवर्षी तो पुन्हा काढून जुळतो का ते पाहता येते. न जुळला तर फाइल किडली. मग दुसरीकडच्या प्रतीवरून ती दुरुस्त करायची. म्हणून प्रती तीन हव्यात, तीन वेगळ्या गावांत, तीन वेगळ्या हातांत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी १९९९मध्ये याच तत्त्वावर ग्रंथालयांची एक साखळी उभारली. मोठ्या घरांनाही यातून सुटका नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये खंडणीखोरांनी ब्रिटिश लायब्ररीची संगणकयंत्रणा अशी ठप्प केली की साधी ग्रंथतालिका वाचकांपुढे परत यायला जानेवारी उजाडला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद राहिले. आपल्या कितीतरी जुन्या मराठी पुस्तकांची चालू प्रत तिथे आहे, ही गोष्ट त्या दिवसांत किती मराठी संस्थांच्या लक्षात आली असेल?

विकत घेतलेल्या ई-पुस्तकांविषयी थोडक्यात. ती विकत घेतलेली नसतात. जुलै २००९मध्ये अॅमेझॉनने हक्कांच्या गोंधळामुळे ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या, त्यांतली एक ‘१९८४’ होती. २०११मध्ये हार्परकॉलिन्सने ग्रंथालयांना सांगितले की आमचे ई-पुस्तक सव्वीस वेळा वाचकाला दिले की पैसे पुन्हा भरा. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, पैसे परत दिले आणि लोकांची पुस्तके काढून घेतली. मराठी ग्रंथालये आता कुठे ई-पुस्तकांच्या वर्गणीचे करार करू लागली आहेत. करारावर सही करण्यापूर्वी एकच विचारा: वर्गणी थांबली तर आमच्याकडे काय उरते? उत्तर ‘काही नाही’ असेल तर ते भाडे आहे, आणि ते ग्रंथसाठ्याच्या खर्चात दाखवू नये.

हे सगळे कुणी करायचे? महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अकरा-बारा हजार शासनमान्य वाचनालये आहेत, त्यांना दरवर्षी परिरक्षण अनुदान मिळते. परिरक्षण म्हणजे सांभाळणे. त्या अनुदानात ग्रंथपालाचा पगार भागत नाही हे सगळे जाणतात, संचालनालयसुद्धा. प्रत्येक वाचनालयाने स्वतःचा स्कॅनर घ्यावा असे आम्ही म्हणत नाही, उलट घेऊ नये असेच म्हणतो. जिल्ह्याला एक माणूस पुरे. ग्रंथालयशास्त्र शिकलेला, मराठी नीट येणारा, पक्क्या पगारावर. त्याने जिल्ह्यातली दुर्मिळ पुस्तके दात्यांच्या सूचीशी ताडायची, कुठे काय आहे ते एका सामाईक तालिकेत देवनागरीत नोंदवायचे, आणि मगच ठरवायचे की स्कॅन काय करायचे. तंत्रज्ञानाच्या निविदा काढणे सरकारला आवडते कारण त्या एकदा काढून संपतात. पगार दर महिन्याला द्यावा लागतो. पुस्तकांची निगाही दर महिन्याचीच असते.

प्रकाशकांना आणि लेखकांच्या वारसांना आमची विनंती आहे. १९९० ते २०१० या काळातल्या पुस्तकांच्या सीडी, फ्लॉपी, जुन्या संगणकातल्या फायली कपाटात पडल्या असतील तर भंगारात देऊ नका. सोबत फॉन्ट कोणता होता ते कागदावर लिहून ठेवा. ते आठवणारी माणसे अजून आहेत.

केंद्र सरकारकडे मागणी एकच. १९५४च्या कायद्यातल्या पुस्तकाच्या व्याख्येत ‘शिळाछाप’ या शब्दापुढे इलेक्ट्रॉनिक प्रतीचा उल्लेख घाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला ती प्रत घेण्याची, जपण्याची यंत्रणा आणि माणसे द्या. दंडाची रक्कम पन्नास रुपयेच राहिली तरी आमची तक्रार नाही.